शाहू महाराजांचा खंड्या आणि कलम १७

तेलीबागेत राहावयास आल्यापासून संध्याकाळी नहरेच्या काठाने एक फेरी मारण्याचा आमचा परिपाठ आहे. रायबरेली रस्त्यावरील बाजाराची गर्दी मागे टाकली, म्हणजे अजूनही थोडे मोकळे रान लागते. नव्या वसाहती दर वर्षी पुढे सरकत आहेत खऱ्या. तरी मधून मधून मोहरीचा एखादा पिवळा तुकडा, बाभळीची एखादी रांग शिल्लक आहे. गेल्या पौषात अशाच एका धुकट संध्याकाळी समोरून एक मनुष्य आला. अंगावर कांबळे, हातात सुतळीचा दोर, आणि दोराच्या टोकाला उंच पायांचा, निमुळत्या तोंडाचा, पोट पाठीला लागलेला एक कुत्रा. आम्ही थबकलो. असा कुत्रा आम्ही पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता.

"रामपूरचा का?" आम्ही आपल्या मोडक्या हिंदीत विचारले. "थोडंसं रक्त रामपूरचं आहे," तो म्हणाला. ससा धरतो का, असे विचारताच त्याने आमच्या खांद्यावरील कचेरीच्या पिशवीकडे एकवार पाहिले आणि सावधपणे उत्तर दिले, "पकड़ता था, बाबूजी. अब तो कानून है." थोडे पुढे गेल्यावर मात्र तो वळला आणि म्हणाला, "बाबूजी, यह कानून बंदूकवालों के लिए भी है, कि सिर्फ कुत्तेवालों के लिए?"

आम्ही केंद्र सरकारचे कारकून. दिवसभर कलमे आणि पोटकलमे यांच्या संगतीत वावरणारे. तरीही या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तत्काळ देता आले नाही. शिवाय तो प्रश्न आम्हांस दुसऱ्याच एका कारणाने टोचला. आमचे गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात. आमच्या लहानपणी आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, दारात अशीच एक कुत्री बांधलेली असे. तिचे नाव मोरी. बाजरी निघाली आणि रान मोकळे झाले, की आबा पहाटे तिला घेऊन बाहेर पडत. कधी ससा घेऊन येत. बहुधा रिकाम्या हातांनीच येत. पुढे एका सुगीत जंगल खात्याचा मनुष्य चावडीवर आला आणि कुत्र्याने शिकार करणाऱ्यांस आत टाकीन, असे बजावून गेला. त्या दिवसापासून मोरी साखळीला राहिली. आबांना अखेरपर्यंत तो त्या शिपायाचा लहरीपणाच वाटत आला. त्यामागे दिल्लीत केलेला एक कायदा आहे, हे त्यांस कोणी समजावून सांगितले नाही. आम्ही तर शाळकरी पोरच होतो.

तेव्हा राज्यसत्तेने शिकारी कुत्र्यावर आपला हात ठेवला तो केव्हा आणि कसा, याचा थोडा शोध घ्यावा असे मनात आले. रविवारच्या सुट्या त्या कामी लावल्या. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

कुत्र्यासह शिकार ही आपल्याकडे काही परक्यांनी आणलेली गोष्ट नव्हे. एकलव्याची कथा आपण लहानपणी ऐकतो ती अंगठ्यासाठी. पण त्या कथेला तोंड फुटते ते पांडवांबरोबर मृगयेस गेलेल्या एका कुत्र्याच्या भुंकण्याने, हे आपण सहसा ध्यानात ठेवीत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुत्री बाळगणारे पारधी रानावर नजर ठेवण्याच्या कामी नेमलेले दिसतात, आणि त्याच ग्रंथात अभय दिलेल्या वनांतील पशू मारणाऱ्यास दंडही सांगितलेला आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा ११२९ च्या सुमाराचा ग्रंथ. मराठीच्या प्राचीन खुणा शोधणाऱ्यांस तो परिचित आहेच. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'सारमेयविनोद' म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. सारमेय म्हणजे कुत्रा. कोणत्या देशाचा कुत्रा कसा, याची जाण त्या काळी राजविद्येचा भाग होती. विजयनगर काय किंवा अहमदाबाद काय, त्यांच्या स्थापनेची दंतकथा एकच: ससा उलटून शिकारी कुत्र्यांच्या अंगावर धावला, आणि ही भूमी वीरांची म्हणून राजाने तेथेच नगर वसविले. कथा खरी असो वा नसो, ससा आणि कुत्रा यांची धाव पाहणे हा राजेलोकांचा नित्याचा उद्योग होता, एवढे त्यावरून दिसते.

या सर्वांत आम्हांस सर्वांत जवळचा वाटला तो साताऱ्याचा खंड्या.

थोरले शाहू महाराज १७०८ मध्ये साताऱ्यास गादीवर बसले आणि १७४९ मध्ये निवर्तले. या चाळीस वर्षांत राज्याचा कारभार पेशव्यांच्या हाती वाढत गेला, आणि महाराजांचा वेळ शिकारीत व कुत्र्यांत जाऊ लागला. कुत्र्यांवर त्यांची विलक्षण माया. वाघाच्या शिकारीत त्यांच्या एका आवडत्या कुत्र्याने त्यांचा जीव वाचविला, अशी हकीकत ग्रँट डफ याने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केली आहे. तो पुढे लिहितो, की महाराजांनी त्या कुत्र्यास रीतसर सनदा करून जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि पालखीचा तो सरंजाम खरोखरच चालू ठेवण्यात आला. एकदा भर दरबारात सरदारांची भेट घ्यावयाची असता महाराजांनी कुत्र्यास जरीचा पोशाख व जवाहीर घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या मस्तकी ठेविली. त्यानंतर त्यांनी स्वतः पुन्हा शिरोभूषण म्हणून धारण केले नाही.

ग्रँट डफला हा सारा प्रकार चित्तभ्रमाचा वाटला. महाराजांच्या मनास काही काळ झालेल्या विकाराच्या संदर्भातच तो ही हकीकत देतो. साताऱ्यास रेसिडेंट म्हणून राहिलेल्या साहेबाचे हे मत आपण मुकाट्याने मान्य करावे, असे आम्हांस वाटत नाही. मोगलांच्या छावणीत अठरा वर्षे कैदेत काढलेल्या आणि भोवताली सरदारांची बदलती इमाने पाहिलेल्या राजाने, एक प्राणी आपल्याशी बेइमान झाला नाही याची नोंद सरकारी दप्तरात करून ठेविली, असेही त्याचे वाचन करता येईल. अर्थात हा आमचा तर्क. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली येथे या खंड्याची म्हणून समाधी दाखवितात. साताऱ्यास जाणाऱ्या वाचकांनी ती अवश्य पाहावी. शाहू महाराजांची समाधीही तेथेच आहे. आमच्या पुरते महत्त्व इतकेच, की शिकारी कुत्रा मराठी राज्याच्या दप्तरात दाखल होतो तो गुन्ह्याचे हत्यार म्हणून नव्हे, जहागीरदार म्हणून.

लखनौस राहणाऱ्याने हा शोध घेताना घराजवळची साक्षही सोडू नये. तेलीबागेहून छावणीत शिरले, की काही अंतरावर दिलकुशा कोठीचे भग्न बुरूज दिसतात. नबाब सआदत अली खान याच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, गोर औसली नावाच्या इंग्रजाने इंग्लंडातील एका वाड्याच्या धर्तीवर ही कोठी उभारली, ती शिकारीच्या विसाव्यासाठी. भोवतालच्या राईत हरणे सोडलेली असत. आज तेथे लोक फुलझाडे पाहावयास येतात, आणि सुटीच्या दिवशी आमच्यासारखे परगावचे बाबूही शेंगदाणे खात बसतात. ज्या भूमीवर आम्ही निवांत बसतो ती नबाबाच्या रमण्याची, ही गोष्ट नहरेकाठच्या त्या मनुष्याच्या प्रश्नाशी अगदीच असंबद्ध नाही. रान कोणाचे, हे ठरल्यावरच शिकार कोणाची हे ठरते.

इंग्रज आले ते आपले कोल्हे-शिकारीचे वेडही घेऊन आले. त्यांच्या देशात घोड्यांवर बसून, शिंगे फुंकीत, कुत्र्यांच्या टोळीमागे धावावयाचे आणि लाल कोल्हा मारावयाचा, ही उमरावी रीत होती. येथे त्या कोल्ह्याची जागा आपल्या भालूने घेतली. उटकमंड, पेशावर, मुंबई, पुणे-खडकी अशा ठिकाणी साहेबांनी विलायती कुत्र्यांच्या टोळ्या पाळल्या. विलायती कुत्रे येथील उन्हाळ्यात तगत नसत, तरी बोटी भरभरून ते येतच राहिले. संस्थानिकांनी मात्र देशी वाणांची निगा राखली. रामपूरच्या नबाबांनी अफगाणी ताझी व इंग्रजी ग्रेहाउंड यांच्या संकरातून रामपुरी कुत्रा सिद्ध केला. दक्षिणेत मुधोळचे घोरपडे राजे आपल्या प्रदेशातील कारवानी कुत्र्यांचे आश्रयदाते झाले, आणि राजे मालोजीराव यांनी त्यांतील एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास भेट दिली, असे सांगतात. बादशहाकडे गेलेला तो कुत्रा 'मुधोळ हाउंड' झाला; माणदेशात धनगराच्या वाड्यावर राहिलेला त्याचाच भाऊबंद नुसता 'कारवानी' राहिला. २००५ साली आपल्या टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ आणि रामपुरी दोन्ही होते. ज्या कामासाठी हे वाण घडले ते काम तोवर गुन्हा होऊन बसले होते.

आता कायद्याकडे वळू. १८७८ साली दोन कायदे झाले आणि आमच्या मते या दोहोंचा विचार एकत्रच केला पाहिजे. एक जंगलचा कायदा, ज्याने राखीव जंगलातील शिकारीवर नियम घालण्याची सोय झाली. दुसरा हत्यारांचा कायदा, ज्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. परिणाम असा झाला, की बंदूक साहेबाच्या, संस्थानिकाच्या आणि मोजक्या परवानेवाल्यांच्या खांद्यावर गेली. गावच्या माणसाजवळ फासे, काठी आणि कुत्रा एवढेच उरले. त्यातही पारध्यांसारख्या जमातींना १८७१ च्या कायद्यान्वये जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची व्यवस्था झालेली होती. तो कलंक पुसला जावयास १९५२ साल उजाडावे लागले.

१९१२ च्या वन्य पक्षी व पशू संरक्षणाच्या कायद्याने विणीच्या काळापुरती बंदी घालण्याचा अधिकार प्रांतांना दिला. त्याच्या परिशिष्टात हरणे, गवे, गेंडे यांच्या पंक्तीस ससाही बसलेला आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत. साधन कोणते याची या कायद्याने फारशी विचारपूस केली नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांसाठी आपला स्वतंत्र कायदा केला. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीची या विषयातील जुनी पुण्याई येथे कामी आली.

आणि मग १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा. आपण सगळे त्याचे नाव घेतो. पण त्याचे जन्मवेळचे रूप फार थोड्यांनी वाचलेले असते. वन्यप्राणी हा विषय त्या वेळी राज्यांच्या यादीत होता. म्हणून संविधानाच्या २५२ व्या अनुच्छेदाखाली अकरा राज्यांनी ठराव करून संसदेस हा कायदा करण्याची विनंती केली. त्या अकरांत उत्तर प्रदेश आहे, महाराष्ट्र नाही. महाराष्ट्राने तो मागाहून, १९७३ मध्ये स्वीकारला. म्हणजे तेलीबागेतला कुत्रा आमच्या माणमधल्या कुत्र्याच्या आधी या कायद्याच्या कक्षेत आला! कारकुनी डोक्यालाच असल्या गोष्टीची गंमत वाटावयाची. वाचकांनी क्षमा करावी.

या मूळ कायद्याने शिकार बंद केली नव्हती. ती परवान्यावर ठेविली होती. मोठी शिकार, लहान शिकार असे वर्ग होते, आणि ससा लहान शिकारीत मोडत असे. कलम १७ मध्ये शिकार कशी करू नये याची यादी होती: मोटारीतून नको, विमानातून नको, रात्री नको, कृत्रिम प्रकाशात नको, विष नको, सुरुंग नको, वणवा लावून नको, पाणवठ्यावर बसून नको. सारी कलमे कोणाही सुबुद्ध माणसास पटावीत अशी. या यादीच्या शेवटाकडे एक पोटकलम होते. त्याचा आशय असा: पाणपक्षी, चकोर, तित्तिर आणि लावा यांखेरीज कोणत्याही वन्य प्राण्याची शिकार कुत्र्यांच्या साहाय्याने करू नये.

हे पोटकलम आम्ही पुनःपुन्हा वाचले. कुत्र्यास बंदी घालण्याची कारणे सबळ होती, हे प्रथम कबूल केले पाहिजे. बंदूकवाला निदान पाहून नेम धरू शकतो. कुत्र्यास नर-मादी, गाभण-पिल्लू हा भेद नाही. पाठलागात जनावर धावून धावून आधी थकते, मग फाडले जाते. बंदुकीचा बार रक्षकाच्या कानी जातो. कुत्र्याची शिकार मुकी. आणखी एक गोष्ट अलीकडे कळून आली आहे. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या रानात कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाने तेथील सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले, आणि २०१८ मध्ये आपल्या गीरमधील सिंहांतही त्याच रोगाचे विषाणू आढळले. तेव्हा कुत्रा रानात नको, हे म्हणणे केवळ हळव्या मनाचे नव्हे.

पण मग अपवाद कोणासाठी? पाणपक्षी, तित्तिर, लावा यांच्या शिकारीस कुत्रा लागतो तो मुख्यतः दोन कामांसाठी: झुडपातील पाखरू उठविणे, आणि बार लागून पाण्यात वा गवतात पडलेले पाखरू उचलून आणणे. ज्याच्या हातात बंदूक आहे, त्याचा हा कुत्रा. ज्याचा कुत्रा हीच बंदूक आहे, त्याच्यासाठी अपवाद नव्हता. परवाना व बंदूक बाळगणारा गृहस्थ ऋतू पाहून ससा टिपू शकत होता. आबांसारख्यास तोच ससा मोरीकरवी धरता येत नव्हता. कायदा करणाऱ्यांच्या मनात दुजाभाव होता, असा आरोप आम्ही करीत नाही. आपल्या पाहण्यातली शिकार हीच शिकारीची सभ्य रीत, असे त्यांस वाटले असावे. मसुदा लिहिणारा ज्या टेबलाशी बसतो त्या टेबलावरून त्यास जेवढे दिसते तेवढेच मसुद्यात उतरते. हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांस असेल.

आणि ही गोष्ट आपल्याच देशापुरती नाही. इंग्लंडात कोल्ह्याच्या शिकारीवर अनेक वर्षे वाद माजला. १९९९ मध्ये नेमलेल्या बर्न्स समितीने २००० साली अहवाल दिला. स्कॉटलंडने २००२ मध्ये आपला कायदा केला. इंग्लंड व वेल्ससाठी शिकारबंदीचा कायदा २००४ च्या नोव्हेंबरात झाला, तोही उमरावांच्या सभेचा विरोध डावलून, पार्लमेंट कायद्याचे क्वचित उपसले जाणारे शस्त्र वापरून. खेड्यांतून लाखो लोक लंडनच्या रस्त्यांवर उतरले होते. तो कायदा म्हणतो, की कुत्र्याकरवी वन्य सस्तन प्राण्याची शिकार करणे हा गुन्हा आहे. सस्तन प्राण्याची, पक्ष्याची नव्हे. तित्तिर-फेझंटांवर बंदूक चालविणाऱ्यांचे कुत्रे तेथेही सुटले. उंदीर आणि रानससे यांसही वगळले. मात्र एक मोठा फरक आहे. इंग्लंडात त्या कायद्याचा पहिला घाव बसला तो घोड्यावरील लाल कोटवाल्यांवर. आमच्याकडे तो बसला अनवाणी माणसावर. तेथे कायदा झाल्यावरही पळवाटा निघाल्याच. आधी टाकून ठेवलेल्या वासामागे कुत्रे सोडावयाचे, आणि वाटेत खरा कोल्हा सापडला तर तो अपघात म्हणावयाचा. स्कॉटलंडला तर २०२३ मध्ये अधिक कडक असा दुसरा कायदा करावा लागला.

आपल्याकडे पुढे काय झाले? १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारीचा सारा डोलाराच काढून टाकला. शिकार सरसकट बंद. माणसाच्या जिवास धोका, पिकांची नासाडी अशा मोजक्या कारणांनी अधिकाऱ्याने लेखी परवानगी दिली तरच ती व्हावयाची. ज्या अर्थी शिकारच नाही त्या अर्थी ती कशी करावी याचे नियमही नकोत, म्हणून कलम १७ गेले. त्याबरोबर कुत्र्यांचे पोटकलम गेले, आणि पाखरांचा तो अपवादही गेला. बंदूकवाला आणि कुत्रेवाला कायद्यापुढे एका पातळीवर आले ते असे, दोघांचेही हात बांधून. पुढे २००२ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २००३ पासून शिकारीच्या व्याख्येत 'कोर्सिंग' हा शब्द आला. कुत्रे मागे लावून जनावर दमवून धरण्यास इंग्रजीत हाच शब्द आहे. पूर्वी चित्त्यांकरवी हरीण धरण्यासही तोच लावीत. तो शब्द वापरणारे साहेब गेले, चित्ताही १९५२ मध्ये देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. शब्द तेवढा व्याख्येत येऊन बसला. २०२२ च्या दुरुस्तीनंतरच्या नव्या परिशिष्टांत ससा दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि त्याची शिकार पूर्ववत गुन्हाच आहे.

म्हणजे आबांच्या चावडीवर जो शिपाई आला होता, त्याच्यामागे १९९१ चा कायदा उभा होता, आणि तो बंदूकवाल्यांसही लागू होता. आबांस हे कळते तर त्यांचे समाधान झाले असते काय? मोरी सुटली नसतीच. पण आपल्यालाच तेवढे वेगळे काढले, हा सल तरी उरला नसता. गावच्या पाटलाच्या बंदुकीचे बार त्यानंतरही आम्ही ऐकलेले आहेत, हे मात्र येथे लिहून ठेवणे भाग आहे. तेव्हा आबांच्या मनातला सल अगदीच निराधार होता, असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

माघात तो मनुष्य नहरेवर पुन्हा भेटला. आम्ही त्यास थांबवून सांगितले, की पूर्वी बंदूकवाल्यांस सूट होती, आता नाही, आता कायदा दोघांसही एकच आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतले. "कागज पर?" त्याने विचारले. आम्ही होय म्हटले. तो हसला. त्या हसण्यात उपहास होता असे नाही. कचेरीतल्या माणसाने आपले काम नीट केले, इतपत समाधान त्यात असावे. इतक्यात पलीकडच्या मोहरीत काही तरी सळसळले. कुत्र्याचे कान उभे राहिले, सारे अंग ताठ झाले. त्या मनुष्याने आमच्याकडे पाहिले, आणि सुतळीचा दोर मनगटाभोवती आणखी एक वेढा देऊन घट्ट धरला.